फिकट ठिपका

२०११च्या जनगणनेचे तक्ते घेऊन एका रविवारी आलेख काढायला बसलो. मध्य प्रदेशात तेव्हा ५० जिल्हे. आडव्या अक्षावर साक्षरता, उभ्या अक्षावर हजार पुरुषांमागे स्त्रिया, जिल्ह्यामागे एक ठिपका. शिक्षण वाढलं की मुलीची किंमत कळते, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे ठिपके जिना चढल्यासारखे वर जातील असं वाटलं होतं. कागदावर पसरले ते सांडलेल्या तांदळासारखे. बालाघाटची साक्षरता ७७ टक्के आणि स्त्रिया १,०२१, म्हणजे राज्यात सर्वांत जास्त. चंबळकडच्या भिंडची साक्षरता ७५ टक्के, पण स्त्रिया ८३७. आणि जेमतेम ३६ टक्के साक्षरतेच्या अलीराजपुरात स्त्रिया १,०११!

कागदाला लांबी-रुंदी दोनच. तिसरा आकडा घुसवायचा तर ठिपक्याचा आकार बदला, नाहीतर रंग. मी लोकसंख्येतला आदिवासींचा वाटा रंगाने दाखवायचं ठरवलं आणि नातवाची स्केचपेनं उचलली. कमी वाट्याला जांभळा, मग निळा, हिरवा, पिवळा, सगळ्यात जास्त वाट्याला लाल. चित्र देखणं झालं. कोपऱ्यावरून झेरॉक्स काढून आणली तर लाल आणि हिरवा एकाच करड्यात बुडालेले, पिवळे ठिपके गायब.

दोष मशीनचा नव्हता. इंद्रधनुष्याचा क्रम आपण पाठ करतो, डोळ्याला तो उपजत कळत नाही. हिरवा मोठा की निळा, हे काय सांगणार? त्यात पिवळा सगळ्यांत उजळ, म्हणून मधलाच आकडा उगाच डोळ्यात भरतो. उलट कोरा चहा आणि दुधाळ चहा शेजारी ठेवले तर कडक कोणता हे विचारावं लागत नाही. फिक्याकडून गडदाकडे जाणारी रंगपट्टी तशी असते. फ्रेंच गणिती शार्ल द्यूपँ याने १८२६ साली फ्रान्समधल्या शिक्षणाचा नकाशा केला, तोही काळ्याच्या कमी-जास्त छटांनी. संगणकावर इंद्रधनुष्याचं खूळ बराच काळ टिकलं. २०१५मध्ये आलेल्या ‘विरिडिस’ या पट्टीत जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजळपणा सारख्या पावलांनी वाढतो, त्यामुळे ती झेरॉक्सलाही पुरून उरते. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या डोळ्यांनाही ती वाचता येते. अर्थात रंगाने विभाग दाखवायचे असतील, महाकोशल, माळवा, चंबळ असे, तर चढ-उतार नकोच. तिथे वेगवेगळे रंगच बरे.

दुसऱ्या कागदावर फक्त तपकिरी रंग घेतला. आता वरची पंगत गडद झाली: अलीराजपूर ८९ टक्के, झाबुआ ८७, दिंडोरी ६५, मंडला ५८. तळाशी भिंड आणि मुरैना, आदिवासी एक टक्क्याच्याही आत, जवळजवळ पांढरे. साक्षरतेने जे उलगडलं नव्हतं ते रंगाने बऱ्यापैकी उलगडलं. रंगाकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नये. दिंडोरी आणि मंडला यांतला सात टक्क्यांचा फरक नुसत्या छटेवरून मला ओळखता आला नाही. ज्या आकड्यांची बारीक तुलना करायची ते अक्षावरच हवेत. रंग गट दाखवतो, माप देत नाही.

आणि सगळ्यांत वर, त्या गडद पंगतीच्याही वर, एक फिकट ठिपका. बालाघाट. इथे आदिवासी साडेबावीस टक्के. रंगाच्या हिशेबाने त्याने बरंच खाली बसायला हवं होतं. कामासाठी बाहेर गेलेले पुरुष हे एक कारण असू शकतं, पण पुरुष काही एकट्या बालाघाटातूनच बाहेर जात नाहीत. मग सहज म्हणून गोंदियाचा ठिपका काढला. तो महाराष्ट्रातला, या ५०मध्ये नाही. पण १९५६पर्यंत तो मुलूख, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, बालाघाटसारखाच नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. साक्षरता ८५ टक्के, स्त्रिया ९९९, आदिवासी १६ टक्के. ठिपका बालाघाटच्या बाजूलाच पडला, तसाच फिकट.