बारावीनंतर पर्यटन? शहागडच्या मुलांसाठी

शहागडच्या गोदावरी पुलावरून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग थेट छत्रपती संभाजीनगरला पोचतो. तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे, तोही पदव्युत्तर शिक्षणासाठी. म्हणजे बारावीनंतर आधी पदवी घ्यायची; ती कुठल्याही शाखेची असली तरी एकदा चौकशी कराच!

हा अभ्यास म्हणजे नुसतं फिरणं नव्हे. तिकीट, मुक्काम, गाडीभाडं, टोल, चालकाचा भत्ता धरून सहलीचा माणशी दर काढता यायला हवा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे विसरून आखलेली सहल दारातच अडते. दोन्ही लेण्या 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजीसोबत जपानी शिकलात तर फारच उत्तम. आणि समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्याच जालना जिल्ह्यात आहे, सहल आखायचा सराव तिथूनच करा.