ऑपरेशनच्या दाराआड (लेखांक ५) : सर, एक कमी आहे

मागच्या आठवड्यात आपण भूल देण्यापर्यंत आलो होतो. पेशंट झोपलाय, पोट आयोडीननं पुसून झालंय, हिरव्या चादरी अंथरल्यात. आता सुरी लावायची. पण त्याआधी ओटीतल्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं असतं, मिनिटभरच. एक जण, बहुधा सिस्टर, मोठ्यानं विचारते : पेशंटचं नाव काय, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं, अँटिबायोटिक गेल्या तासाभरात दिलंय का, रक्त किती जाईल? याला म्हणतात ‘टाइम आउट’.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली काढलेल्या तपासयादीतला हा मधला टप्पा. पहिला भूल देण्याआधी, तिसरा पेशंटला ओटीबाहेर नेण्याआधी. तिन्ही मिळून १९ मुद्दे, एका कागदावर मावणारे. यादी करणाऱ्या गटाचे प्रमुख होते बॉस्टनचे सर्जन अतुल गावंडे. त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. (थंड हवेचं ते उटी वेगळं, या उटीत उन्हाळा काय असतो ते विदर्भवाल्यांना विचारा.)

यादी आठ रुग्णालयांत वापरून पाहिली. त्यात लंडन, टोरांटो, सिएटल होतं, तसं टांझानियातलं इफाकारा होतं आणि आपली नवी दिल्लीही. यादी येण्याआधीचे ३,७३३ पेशंट आणि नंतरचे ३,९५५ यांची तुलना जानेवारी २००९ मध्ये छापून आली. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, मोठ्या गुंतागुंतींचं ११ वरून ७ वर. नवं ऑपरेशन शोधलं नव्हतं, नवं औषधही नव्हतं.

ज्येष्ठ सर्जन हमखास वैतागतात तो मुद्दा साधाच आहे : प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. ‘वीस वर्षं रोज तोंडं बघतोय एकमेकांची, नावं कसली सांगताय?’ वरवर पाहता खरंच आहे. पण आपल्याकडे सरांसमोर सिस्टरचा आवाज सहसा फुटत नाही. सुरुवातीला एकदा नाव सांगण्यापुरतं का होईना तोंड उघडलं, की तासाभरानं ‘सर, थांबा’ म्हणणं थोडं सोपं जातं. माझ्या मते यादीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

ते ‘थांबा’ कधी लागतं? टाके घालायच्या आधी मॉप मोजतात तेव्हा. मॉप म्हणजे रक्त टिपायची सुती घडी. कोरी असताना पांढरीशुभ्र. रक्तात भिजून आतड्यांच्या वेटोळ्यात सरकली की तिथलीच होऊन जाते. हात फिरवूनही पटकन कळत नाही. म्हणून तिच्यात एक्स-रेत दिसेल असा दोरा विणलेला असतो. मॉप बहुधा पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात. सिस्टर वापरलेले मॉप उलगडून पाच-पाच मांडते, मोजते, पुन्हा मोजते. ‘सर, एक कमी आहे.’ मग बादली उपसायची, चादरी झटकायच्या, चपलांखाली बघायचं; नाहीच सापडला तर एक्स-रे. सर्जन घड्याळाकडे बघत असतो, भूलतज्ज्ञ सर्जनकडे, आणि सिस्टर दोघांकडेही न बघता मोजत राहते. आत राहून गेलेल्या मॉपच्या गाठीला वैद्यकात चक्क नाव आहे, गॉसिपिबोमा. लॅटिनमधला कापूस आणि स्वाहिलीतली लपायची जागा यांची जोडी!

मग यादी आणली की झालं? कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतानं २०१० मध्ये ती सक्तीची केली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण ०.७१ टक्के होतं, ते ०.६५ झालं; संख्याशास्त्राच्या भाषेत फरक नाही. रुग्णालयं मात्र यादी जवळजवळ शंभर टक्के पाळल्याचं कळवत होती. त्या अभ्यासावर पुष्कळ वाद झाला. सक्तीच्या आधी आणि नंतर फक्त तीन-तीन महिने मोजले, इतक्या लवकर काय दिसणार, असं काहींचं म्हणणं होतं. असेलही. पण शंभर टक्के हा आकडा ऐकला की मला एक कागद आठवतो.

एका रुग्णालयात मी सकाळच्या पहिल्या केसला उभा होतो. पेशंट अजून बाहेर ट्रॉलीवर होता, कुशीवर वळून बायकोशी बोलत. त्याच्या फाइलला यादी लावलेली होती, तिन्ही टप्पे भरलेली, एकाच पेनानं, एकाच हाताच्या टिका. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं : मॉप मोजले, बरोबर.

(पुढील आठवड्यात : रिकव्हरी रूममधला पहिला तास)