फिरतीची मोटारसायकल आणि लेग गार्ड

फिरतीचा व्यापार करणाऱ्या आपल्या कितीतरी बांधवांची रोजी आज मोटारसायकलवर अवलंबून आहे. पूर्वी कापडाचे गाठोडे खांद्यावर किंवा सायकलच्या कॅरिअरवर असे. पुढे लूना आली, एम-८० आली, राजदूत आली, आणि १९९४ नंतर स्प्लेंडरने तर गावोगावच्या बाजाराचे चित्रच पालटून टाकले. आष्ट्याहून सकाळी निघालेला माणूस बागणी, बावची, गोटखिंडी करून किंवा दुधगाव, कसबे डिग्रजकडे फेरी मारून रात्री घरी येतो. माल आणायचा तर इचलकरंजी किंवा विटा. या सगळ्या धावपळीत दुकान म्हणाल तर ते गाडीच्या मागच्या सीटवरच असते.

अशा माणसाचा पाय मोडला तर दुकानाला कुलूप लागते. उधारी वसूल होत नाही, सणासुदीचा माल पडून राहतो, घरखर्च मात्र थांबत नाही. म्हणूनच ‘गाडीला गार्ड बसवून घ्यावा का, कसला घ्यावा, कसा बसवावा’ हा प्रश्न हौशी तरुणांपुरता नाही. तो आपल्या धंद्याचा प्रश्न आहे.

आपल्या भागातला धोका

आष्टा हे उसाच्या पट्ट्यातले गाव. गळीत हंगाम सुरू झाला की सांगली–पेठ रस्त्यावर आणि आतल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस चालू असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते. रस्त्यावर ऊस सांडलेला असतो. त्यातच शेतातून वर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर काळी माती डांबरावर येते. तिच्यावर थोडा पाऊस किंवा पहाटेचे दव पडले की रस्ता साबणासारखा होतो. इथे गाडी वेगात नसली तरी घसरते आणि एका अंगावर पडते.

देशाचा आकडाही पाहावा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. जे वाचले पण अधू झाले, त्यांची गणती वेगळीच.

गार्ड काय करतो, काय करत नाही

इंजिनाच्या पुढे दोन्ही बाजूंना निघालेल्या लोखंडी पाइपला कोणी लेग गार्ड म्हणतो, कोणी क्रॅश गार्ड, कोणी नुसते ‘बंपर’. याचे मुख्य काम एकच. उभी किंवा सावकाश चाललेली गाडी आडवी पडली तर जमिनीला आधी पाइप टेकावा. हँडलचे टोक, गार्ड आणि मागचा फूटरेस्ट यांवर गाडी तोलली जाते आणि रस्ता व इंजिन यांच्यामध्ये थोडी पोकळी राहते. त्या पोकळीत पाय वाचतो, तापलेल्या इंजिनाचा चटका बसत नाही, गिअर व ब्रेकचा पाय वाकत नाही, इंजिनाचे कव्हर फुटून ऑइल सांडत नाही. सामान बांधलेली गाडी जागेवर कलंडणे हा आपल्या धंद्यातला रोजचा प्रकार. तिथे गार्ड आपली किंमत वसूल करून देतो.

पण त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की गार्डमुळे घोटा आणि पाऊल यांच्या दुखापती कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या दुखापती तेवढ्याच वाढतात. म्हणजे जोराच्या धडकेत जमा-खर्च सारखाच. कारण उघड आहे. समोरून किंवा बाजूने वाहन आदळले की पाय गार्डच्या आत ठरून राहत नाही, तो पुढे फेकला जातो आणि त्याच पाइपवर आपटतो. ट्रॉलीवर मागून धडकणाऱ्याला लेग गार्ड वाचवू शकत नाही. त्याला दिवा, ब्रेक, वेगावरचा ताबा आणि डोक्यावरचे हेल्मेट वाचवते.

खरेदी करताना

कापडाच्या व्यापाऱ्याला एक गोष्ट चटकन समजेल. सुताचा काउंट जसजसा वाढतो तसतसे सूत बारीक होते. चाळीसपेक्षा साठचे सूत बारीक. लोखंडी पाइपच्या गेजचा हिशेब असाच उलटा आहे. १४ गेज म्हणजे पाइपच्या भिंतीची जाडी सुमारे २ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे सुमारे १.६, आणि १८ गेज म्हणजे १.२ च्या आसपास. दुकानदार ‘अठरा गेजचा आहे’ असे अभिमानाने सांगू लागला तर आकड्याला भुलू नये.

पाइप बाहेरून कितीही जाडजूड दिसला तरी आतून तो पत्र्याचा असू शकतो. उघडे टोक असेल तर पाहावे. नसेल तर हातात घेऊन वजन करावे, शेजारी कंपनीचा गार्ड ठेवून तुलना करावी. जिथे पाइपला पट्टी जोडली आहे तिथला वेल्डिंगचा सांधा बघावा. तो सलग आणि पूर्ण फिरलेला हवा, दोन-चार टाके मारून वर रंग फासलेला नको. चकचकीत क्रोम दिसायला सुंदर, पण मुलामा हलका असला तर एका पावसाळ्यात खालून गंज धरतो. काळा पावडर कोटिंगचा गार्ड आपल्या चिखलाच्या रस्त्यांना बरा.

दुकानदार बांधवांनाही इथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढणाऱ्या आणि तो वर का ठेवला नाहीस असे विचारणाऱ्या रसूलुल्लाह (स.) यांची हकिकत आपण सर्वांनी ऐकली आहे. कच्च्या सांध्यावर रंग मारून विकणे हा तोच ओला माल झाला. फरक एवढाच की इथे गिऱ्हाइकाचे पैसे तर जातातच, वर पायही जाऊ शकतो. ‘हा स्वस्तातला आहे, गाडी पडली तर वाकेल’ असे स्पष्ट सांगून विकावे. बरकत त्यातच आहे.

गार्ड गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेला घ्यावा. सगळ्या गाड्यांना बसणारा म्हणून जो विकला जातो तो खरे तर कोणत्याच गाडीला नीट बसत नाही. रुंदी अशी असावी की पाय आणि इंजिनाचे कव्हर झाकले जाईल, पण हँडलच्या टोकाबाहेर पाइप जाणार नाही. फार रुंद गार्ड गर्दीत दुसऱ्याच्या गाडीत किंवा पादचाऱ्याच्या कपड्यात अडकतो. फार अवजड, ट्रकच्या बंपरसारखा गार्डही नको. थोडा वाकून धक्का पोटात घेणारा गार्ड चांगला. जो अजिबात वाकत नाही तो सगळा धक्का चासीकडे पाठवतो, मग तीनशे रुपयांच्या पाइपऐवजी गाडीचा सांगाडा वाकतो.

बसवताना

चांगला गार्ड वाईट रीतीने बसवला तर पैसे पाण्यात. मिस्त्रीकडे गाडी टाकून चहाला जाण्यापेक्षा शेजारी उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, चासीला वेल्डिंग करू देऊ नये. उष्णतेने नळी त्या ठिकाणी कमजोर होते आणि पुढे तिथेच तडा जातो. गार्ड बोल्ट आणि क्लॅम्पनेच बसला पाहिजे.

दुसरी, गाडी सपाट जागी मेन स्टँडवर असावी. अनेक गार्ड इंजिनाच्या पुढच्या बोल्टवरच बसतात. तो काढण्यापूर्वी इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यावा आणि एका वेळी एकच बोल्ट काढावा.

तिसरी, मधे पट्टी आली की मूळ बोल्ट आखूड पडतो. मग दोन-तीन आट्यांवर तो अडकवून काम भागवले जाते. इथेच पुढच्या घोटाळ्याचे मूळ असते. त्याच आट्याचा पण लांब बोल्ट घ्यावा, आणि बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असावा. हा आकडा बोल्टच्या ताकदीचा आहे. सोबत नायलॉनचा नट किंवा स्प्रिंग वॉशर हवा.

चौथी, सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत, दोन्ही बाजू सारख्या आहेत हे समोर उभे राहून पाहावे, मगच पान्याने आवळावेत. पान्याला लांब पाइप लावून जोर काढू नये, आटे जातात.

पाचवी, काम झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहावे. पुढचा ब्रेक दाबून शॉकअॅब्सॉर्बर खाली-वर करावा. मडगार्ड किंवा चाक कुठे घासत नाही ना, हॉर्नची वायर दबली नाही ना, पायाचा ब्रेक पूर्ण खाली जातो ना, ऑइल काढायच्या बोल्टपर्यंत पाना पोचतो ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. शंभरेक किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

गाडी पडून गार्ड वाकला तर हातोड्याने सरळ करून पुन्हा लावू नये. एकदा वाकून सरळ केलेला पाइप दुसऱ्या वेळी तिथेच दुमडतो.

गार्ड म्हणजे खुंटी नव्हे

पिशव्या, डबे, कापडाचे बंडल गार्डला लटकवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्याने पुढचे वजन वाढते, वळणावर पिशवी जमिनीला घासते, आणि गाडी पडली तर जी पोकळी पायासाठी ठेवली तीच सामानाने भरलेली असते. थंडीत वारा लागू नये म्हणून गार्डला रेक्झिनचा पडदा बांधतात, तो उन्हाळ्यात काढून ठेवावा. आपल्या बहुतेक गाड्यांचे इंजिन वाऱ्यानेच थंड होते. गार्डवर डोळे दिपवणारे एलईडी दिवे लावणे तर समोरून येणाऱ्याला आंधळे करणे आहे. तो आंधळा होऊन आपल्याच अंगावर येतो.

साडी गार्ड काढू नका

कापडाच्या धंद्यात असल्यामुळे हे आवर्जून लिहितो. डाव्या बाजूला मागच्या चाकाची जाळी असते, ती ‘जुनाट दिसते’ म्हणून पोरे काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारी जाळी, हाताला धरायला कडी आणि पायाला फूटरेस्ट बंधनकारक आहेत. पूर्वीची सुती साडी किंवा ओढणी चाकात गेली तर निदान फाटत तरी होती. आज बुरखा, ओढणी, साडी बहुतांशी पॉलिस्टर, जॉर्जेटची असते. हा धागा सहजी तुटत नाही, तो माणसाला ओढतो. बायको, बहीण, आई मागे बसणार असेल तर जाळी जागेवर हवी आणि चेनचे कव्हरही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातील माहितीशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम ठामपणे उचलून धरले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांना लावलेल्या बेकायदा क्रॅश गार्ड व बुल बारवर कारवाई करावी असे राज्यांना कळवले होते. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी अधिकृतपणे दिलेला गार्ड घ्यावा, पावती जपून ठेवावी, आणि गॅरेजमध्ये बनवलेल्या अवाढव्य बंपरच्या नादी लागू नये. शंका असल्यास सांगलीच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. मालाची पेटी बसवायची असेल तर २०२० च्या नियमाचे माप लक्षात ठेवावे. लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००. पेटी मागच्या सीटच्या जागी असेल तर दुसरा माणूस बसवता येत नाही.

विम्याच्या पॉलिसीत मागाहून बसवलेल्या वस्तूंची नोंद करून घ्यावी, नाहीतर त्यांची भरपाई मिळताना अडचण येते. गाडीमालकाचा स्वतःचा अपघात विमा २०१८ पासून १५ लाख रुपयांचा झाला आहे. तो आपल्या पॉलिसीत आहे की नाही हे आजच काढून पाहावे. बऱ्याच जणांनी ते पान कधी उलटलेलेच नसते.

हंगामापूर्वीचा हिशेब

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवावा : आधी दोन्ही टायर आणि ब्रेक, मग पुढचा-मागचा दिवा, मग आयएसआय मार्कचे हेल्मेट, मग साडी गार्ड, आणि त्यानंतर लेग गार्ड. पहिल्या गोष्टी अपघात टाळतात किंवा जीव वाचवतात, गार्ड अपघात झाल्यावर कामी येतो. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा ही शिकवण आपल्याला आहेच. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येण्यापूर्वी प्रत्येकाने एक दिवस फेरी बंद ठेवून गाडीकडे पाहावे. त्या दिवशीचा गल्ला बुडेल खरा, पण दवाखान्यात पडून जे महिने जातात त्यांच्यापुढे तो फार थोडा आहे.