जुनी मेल पुसण्याआधी



आपल्यापैकी पुष्कळांची मेलची पेटी आता पंधरा-वीस वर्षांची झाली. तिच्यात भारतातल्या भावंडांची पत्रं आहेत, लग्नाचे फोटो आहेत, तपासणीचे रिपोर्ट आहेत आणि दुकानांच्या जाहिराती तर ढीगभर! ही सगळी मेल कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर राहते. त्याला सर्व्हर म्हणतात. गूगल तिथे फुकट १५ जीबी जागा देते. मेल, ड्राइव्हमधल्या फाइली आणि जून २०२१ पासून चढवलेले फोटो, सगळं त्यातच मोजलं जातं. जागा भरली की नवीन मेल येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जाते. तुम्ही म्हणता बहीण पत्र लिहीत नाही, आणि तिचं पत्र दारातून परत गेलेलं असतं!

म्हणून आवराआवर हवीच, पण घाईने नको. औषधांचं कपाट आवरताना आम्ही नर्सेस आधी लेबल वाचायचो, मग बाटली बाजूला काढायचो आणि शेवटी फेकायचो. इथेही तसंच करा.

पहिलं काम, हवं ते जपून ठेवा. फोटो आणि रिपोर्ट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ती उघडते का ते बघा. जवळच्यांची पत्रं छापून घ्या. सगळी पेटीच उतरवायची असेल तर गूगलची 'टेकआउट' ही सोय आहे.

दुसरं, आधी जाहिराती आणि मोठे व्हिडिओ काढा. जागा जास्त तेच खातात. 'आर्काइव्ह' केल्याने मेल फक्त नजरेआड होते, जागा सुटत नाही.

तिसरं, जीमेलमध्ये पुसलेली मेल ३० दिवस कचरापेटीत राहते, तोवर परत काढता येते. जागा मात्र कचरापेटी रिकामी केल्यावरच सुटते. तेव्हा आठवडाभर थांबा, पुन्हा एकदा नजर टाका, मग रिकामी करा. आणि लक्षात असू द्या, जीमेलच्या ॲपमध्ये फोनवर पुसलेली मेल कॉम्प्युटरवरूनही जाते. पेटी एकच आहे, दारं दोन.

"तुमची पेटी भरली, इथे दाबा" अशी मेल आली तर दाबू नका. पासवर्ड चोरणारे असंच लिहितात. आपणच जीमेल उघडून जागा किती उरली ते बघावं.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. आजी-आजोबांना मदत जरूर करा, तुमची बोटं भराभर चालतात. पण विचारल्याशिवाय एकही मेल पुसू नका. तुम्हाला वाचता न येणारं ते मराठी पत्र कदाचित आजीच्या भावाचं शेवटचं पत्र असेल. आधी तिला म्हणा, "आजी, यात काय लिहिलंय, वाचून दाखव ना." मग दोघं मिळून ठरवा.