चढावरचें शहर आणि ओझ्याची सायकल

घर चालवावयाचें म्हणजे बाजार करावा लागतो, आणि बाजार करावयाचा म्हणजे ओझें उचलावें लागतें. धान्य, तेल, भाजी, कांदे-बटाटे ह्यांवांचून कोणाचेंच चालत नाहीं, आणि ह्यांतील एकहि वस्तु आपल्या पायांनीं घरीं येत नाहीं. सपाट गांवीं ही गोष्ट फारशी ध्यानांत येत नाहीं. परंतु ज्या शहराची वस्ती टेकड्यांवर आहे, जेथें बाजार खालीं आणि घर वर आहे, तेथें हा प्रश्न दर आठवड्यास नव्यानें उभा राहतो. ज्यांच्या दारीं मोटार आहे त्यांस त्याचें कांहीं वाटत नाहीं. ज्यांच्या दारीं ती नाहीं, त्यांच्या घरचा बाजार मात्र कोणाच्या तरी हातावर, कमरेवर किंवा डोक्यावर चढत असतो. आणि तें ओझें बहुधा घरांतील स्त्रीच्याच वांट्यास येतें. हें काम सायकलीकडून करून घेतां येईल काय, आणि येत असल्यास कसें, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

चढावर ओझें नेणें हें बळकट माणसाचेंच काम, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे हें एका लहानशा हिशेबानें पाहूं. समजा, बाजारापेक्षां घर ३० मीटर उंचावर आहे. स्वाराचें वजन ६० किलो, सायकलीचें २० किलो आणि सामानाचें २० किलो, म्हणजे एकंदर १०० किलो वजन वर न्यावयाचें आहे. पदार्थविज्ञानाच्या नियमाप्रमाणें ह्यास सुमारें २९,४०० जूल कार्य करावें लागतें. निरोगी प्रौढ मनुष्य १०० वॅट शक्तीनें, म्हणजे दर सेकंदास १०० जूल कार्य करीत, बराच वेळ पॅडल मारूं शकतो. तेव्हां घर्षण सोडून दिलें तर त्यास हा चढ चढण्यास सुमारें पांच मिनिटें लागतील. आतां सामान मुळींच नसतें तर? ८० किलोंस २३,५२० जूल, म्हणजे सुमारें चार मिनिटें. वीस किलो ओझ्याची खरी किंमत अवघें एक मिनिट आहे!

असें जर आहे, तर चढावर इतक्यांची दमछाक कां होते? ह्याचें उत्तर ओझ्यांत नसून रस्त्याच्या उभेपणांत आहे. तोच ३० मीटरांचा चढ जर १५० मीटर लांबीच्या रस्त्यावर चढावयाचा असेल, तर तो शेंकडा २० चा चढ झाला. १०० वॅट शक्तीनें तेथें सायकल तासास दोन किलोमीटरसुद्धां जाणार नाहीं. आणि इतक्या मंद गतीनें दुचाकीचा तोल राहत नाहीं. स्वार पडूं नये म्हणून जीव खाऊन जोर करतो आणि अर्ध्या वाटेंत थकून उतरतो. पण तीच उंची ६०० मीटर लांबीच्या वळणावळणाच्या रस्त्यानें गांठली, तर चढ शेंकडा ५ चा होतो आणि सायकल तासास सुमारें सात किलोमीटर गतीनें सुखानें चढते. कार्य तेंच, वेळहि तीच पांच मिनिटांची. फरक इतकाच कीं, एका रस्त्यानें मनुष्य घरीं पोंचतो व दुसऱ्यानें पोंचत नाहीं. आमच्या सह्याद्रीतील घाटांचे रस्ते नागमोडी कां काढले आहेत, ह्याचेंहि कारण हेंच होय.

ह्या तत्त्वाचें एक उत्तम उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरांत पाहावयास मिळतें. हें शहर अनेक टेकड्यांवर पसरलेलें आहे. परंतु तेथील रस्ते मात्र नकाशावर पट्टी ठेवून काढल्यासारखे सरळ आहेत. १८४७ सालीं जॅस्पर ओफॅरेल नांवाच्या मोजणीदारानें शहराची जी आंखणी केली, तींत चौकटीचे रस्ते टेकड्यांची पर्वा न करतां सरळ पुढें नेलेले होते. परिणाम असा झाला कीं, फिल्बर्ट नामक रस्त्याच्या एका तुकड्याचा चढ शेंकडा ३१.५ इतका आहे. अशा रस्त्यांवर घोड्यांचे फार हाल होत. म्हणून १८७३ सालीं अँड्र्यू हॅलिडी ह्यानें तेथें जमिनीखालून फिरणाऱ्या तारेच्या दोरानें ओढली जाणारी गाडी सुरूं केली. मग सायकलस्वारांनीं काय करावें? त्यांनीं जुन्या ओढ्याचा माग धरला. ज्या सखल भागांतून पूर्वी एक ओढा वाहत असे, त्या भागांतून डावी-उजवी वळणें घेत जाणारी सुमारें दीड किलोमीटरची एक वाट आज ‘विगल’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. विगल म्हणजे वळवळणारी. तिचा सरासरी चढ शेंकडा ३ च्या आसपास असून तो कोठेंहि शेंकडा ६ हून फारसा अधिक नाहीं. सखल भागांतून वाहणारा ओढा बहुधा सौम्य उताराची वाट धरतो. ओझें नेणाऱ्यानेंहि तोच धडा गिरवावा. सायकल विकत घेण्यापूर्वी बाजारापासून घरापर्यंतच्या तीन-चार वाटा पायीं चालून पाहाव्या, हा आमचा पहिला उपदेश आहे.

कित्येकदां घराजवळचा शेवटचा तुकडा उभाच असतो. तेथें गिअर उपयोगीं पडतात. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीच्या पुढील चक्रास ४४ आणि मागील चक्रास २० दांते असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यांत ती पावणेपांच मीटरांहून अधिक पुढें जाते. ज्या सायकलीस अनेक गिअर आहेत तिचें पुढील चक्र २२ व मागील ३२ दांत्यांचें केलें, तर एका फेऱ्यांत ती अवघी दीड मीटर जाते. तासास सात किलोमीटर जाण्यास पहिलीवर मिनिटास सुमारें २४ जड फेरे मारावे लागतात, तर दुसरीवर सुमारें ७८ हलके. गुडघ्यांस कोणते सोसतील हें सांगावयास नको. फ्रान्समधील सेंत-एत्येन ह्या डोंगराळ मुलुखांतील गांवीं राहणाऱ्या पॉल द विव्ही (१८५३–१९३०) ह्यानें अनेक गिअरांचा आयुष्यभर पुरस्कार केला. तेव्हां शर्यतीचे शौकीन गिअरांस दुबळ्यांचें साधन समजून हंसत असत. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल शर्यतींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गिअरांस १९३७ सालापर्यंत परवानगी नव्हती. आज त्यांवांचून त्या शर्यतीची कल्पनाहि करवत नाहीं.

आतां सामान ठेवावें कोठें? हँडलला पिशव्या अडकविणें ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट रीत होय. पिशवी हेलकावे खाते, हँडल ओढलें जातें आणि एखादे वेळीं बंद चाकाच्या तारांत अडकतो. आमच्याकडील दूधवाला दुधाचे कॅन कॅरिअरच्या दोहों बाजूंस, खालीं आणि समतोल लटकवितो. त्यानें पदार्थविज्ञान वाचलेलें नसेल, परंतु गुरुत्वमध्य जितका खालीं तितका तोल चांगला, हें तो पुरतें जाणतो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस मजबूत झोळ्या बांधल्या आणि जड वस्तु तळाशीं ठेवल्या, तर पंधरा-वीस किलो सामान सहज राहतें.

ह्याहून अधिक न्यावयाचें असेल तर खास सायकली मिळतात. कांहींचा मागील भाग लांब केलेला असतो. १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झालेल्या एक्स्ट्रासायकल ह्या संस्थेनें साध्या सायकलीस जोडून ती लांब करण्याचा सांगाडा प्रचारांत आणला. अशी सायकल रुंदीनें साधीच राहते, म्हणून चढाच्या शहरांत ती विशेष सोयीची. दुसऱ्या प्रकारांत पुढें मोठी पेटी असते. १९८४ सालापासून कोपनहेगनच्या ख्रिश्चानिया वस्तींत ज्या तीनचाकी पेटीच्या सायकली होऊं लागल्या, त्यांत मुलें आणि बाजार दोन्ही मावतात. परंतु कोपनहेगन सपाट आहे, हें विसरूं नये. सपाटीवर जें वाहन सोयीचें, तें चढावर जडपणामुळें अडचणीचें होऊं शकतें.

तिसरा प्रकार ट्रेलरचा, म्हणजे सायकलीमागें जोडावयाच्या लहान गाडीचा. त्याचा मोठा गुण असा कीं, नेहमींची सायकल तीच राहते. बाजाराच्या दिवशीं गाडी जोडावी व एरव्हीं सोडून भिंतीशीं ठेवावी. दोन चाकांच्या ट्रेलरवर साधारण चाळीस किलोंपर्यंत सामान नेतां येतें. एका चाकाचा ट्रेलर अरुंद असल्यामुळें गर्दींतून सहज जातो, पण त्याचें ओझें सायकलीच्या तोलावर येतें. जोडणी मागील चाकाच्या आंसाजवळ, खालीं असावी. बैठकीखालीं उंच जोडलेली गाडी उतारावर सायकलीस ढकलूं लागते. दोन चाकांच्या ट्रेलरमध्यें जड वस्तु त्याच्या आंसाच्या किंचित् पुढें ठेवाव्या. त्या फार मागें गेल्या तर दांडी वर उचलली जाऊन सायकलीचें मागील चाक हलकें पडतें, आणि चढावर तें निसटूं लागतें. वळतांना ट्रेलर कोपरा कापतो, म्हणून वळण मोठें घ्यावें.

येथवर चढाचा विचार झाला. परंतु खरी काळजी उताराची आहे. जे २९,४०० जूल आपण घाम गाळून वर नेले, ते खालीं येतांना परत मिळतात, आणि त्यांचा निकाल मुख्यतः ब्रेकांसच लावावा लागतो. ती सर्व ऊर्जा उष्णतेच्या रूपानें तेथें प्रकट होते. शिवाय गति दुप्पट झाली कीं गतिज ऊर्जा चौपट होते, हा नियम विद्यार्थ्यांनीं केवळ परीक्षेपुरता पाठ न करतां उतारावर आठवावा. जुन्या सायकलींच्या पोलादी धांवा पावसांत भिजल्या कीं ब्रेकाचे रबर त्यांवरून घसरतात. म्हणून ओझ्याच्या सायकलीस डिस्क ब्रेक अधिक विश्वासाचे. पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेक स्वतंत्र व चांगले असल्यावांचून उतारावर ओझें घेऊन जाऊंच नये. गति उताराच्या आरंभींच कमी ठेवावी, आणि वळणापूर्वीं ब्रेक लावावा, वळणांत नव्हे. कारण वळणांत एकदम ब्रेक दाबल्यास मागील ट्रेलर सायकलीस बाजूस ढकलतो. भीति वाटली तर खालीं उतरून हातांनीं सायकल धरून चालावें. ह्यांत कमीपणा नाहीं.

ज्यांचे गुडघे थकले आहेत त्यांनीं काय करावें? नॉर्वेंतील ट्रोन्डहेम शहरीं १९९३ सालीं ब्रुबाकेन नांवाच्या चढावर सुमारें १३० मीटर लांबीची सायकलस्वारांस वर ढकलणारी यंत्रयोजना बसविण्यांत आली. स्वार एक पाय तिच्या फळीवर ठेवतो व ती त्यास सायकलीसह वर नेते. पण अशी सोय विरळाच. विजेची मोटर बसविलेली सायकल मात्र आतां सर्वत्र मिळते. आपल्या हिशेबांतील चढास लागणारें कार्य सुमारें ८ वॅट-तास आहे. मोटरींत निम्मी ऊर्जा वायां गेली असें धरलें, तरी ४०० वॅट-तासांची बॅटरी तोच चढ, पॅडलची मदत न घेतां, पंचवीस वेळां चढवील. मात्र अशी सायकल महाग व जड असते, आणि तिचे ब्रेक तितकेच सक्षम असावे लागतात.

सारांश, चढावर ओझें नेणें हें दंडाच्या बळापेक्षां वाट, गिअर, सामानाची मांडणी आणि ब्रेक ह्या चार गोष्टींवर अवलंबून आहे. म्हणूनच तें एकट्या आईचें वा एकट्या गड्याचें काम राहण्याचें कारण नाहीं. घरांतील मोठ्या मुलामुलींनीं तें आळीपाळीनें करावें. पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांच्या हातीं भरलेली सायकल देण्यापूर्वीं मोकळ्या मैदानावर पांच किलो बटाटे घालून ती चालवावयास लावावी, मग दहा किलो, मग वीस. आणि दर वेळीं दोन्ही ब्रेक स्वतः दाबून पाहावे. एवढें झालें म्हणजे मुलांस बाजारास पाठविण्यास हरकत नाहीं.