ब्लॉक पाण्याने धुवावा की नाही?

लेथवाल्याकडून बोअरिंग-होनिंग होऊन आलेला बिडाचा ब्लॉक पाण्याने धुवायचा नाही, गंजेल. रॉकेल मारा, हवा मारा आणि इंजिन भरायला घ्या, असं सर्रास सांगितलं जातं. यातली भीती खरी आहे. ताज्या घासलेल्या उघड्या बिडावर पाणी राहिलं तर बघता बघता तांबूस छटा येते. पण नुसत्या रॉकेलने भागतं, हे चूक. रॉकेल तेल-ग्रीस सोडवतं. होनिंगच्या रेघांत रुतलेली दगडाची बारीक पूड बरीचशी तिथेच राहते. पुढे तीच तेलात मिसळून नव्या रिंगा आणि बेअरिंग खाते.

म्हणून आधी रॉकेल, मग गरम पाणी, साबण आणि ब्रश. ऑइल गॅलरीचे प्लग काढून लांब ब्रश आरपार फिरवायचा. धुऊन झालं की कॉम्प्रेसरची हवा, अगदी बोल्टच्या प्रत्येक भोकात, आणि लगोलग इंजिन ऑइल. बोअर नुसता बघून स्वच्छ आहे की नाही ते कळत नाही. धागे न सुटणारं पांढरं कापड तेलात भिजवून आत फिरवा. पहिल्यांदा ते राखाडी होऊन निघेल. पांढरंच निघेपर्यंत पुसत राहायचं. इथे घाई करणाऱ्या मिस्त्रीकडे मी इंजिन देणार नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला काही होत नाही, हाही भ्रमच. तांबडा गंज चढत नाही, पण पांढरी भुकटी धरते, आणि कॉस्टिकच्या टाकीत तर धातूच झिजतो. शिवाय अशा बऱ्याच ब्लॉकचे लायनर बिडाचेच असतात.

डब्ल्यूडी-४० मारून ब्लॉक महिनाभर ठेवणारेही आहेत. ते पाणी हटवायला उत्तम, पण त्याचा थर पातळ. काम लांबणार असेल तर दाट तेलच हवं. कोकणातल्या पावसाळ्यात तर जास्तच जपावं लागतं. ओलसर ब्लॉक प्लास्टिकमध्ये गुंडाळला की ओल आतच कोंडते आणि रात्री गारवा आला की धातूवर पाणी धरतं. आधी कोरडा करा, तेल लावा, मग पिशवी घाला आणि फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. घामट हाताने बोअरला शिवू नका.

हेड बसवायच्या वेळी गॅस्केटच्या पृष्ठभागावरचं तेल मात्र थिनरने पूर्ण पुसायचं. जुनं गॅस्केट निघत नाही म्हणून तिथे ग्राइंडरची खरखरीत डिस्क चालवू नये. तिची पूड बेअरिंगपर्यंत जाऊन ती निकामी करते, हे जनरल मोटर्सने सर्व्हिस बुलेटिन काढून आपल्या वर्कशॉपना बजावलं आहे. प्लास्टिकचा स्क्रेपर घ्या आणि वेळ द्या.