सुपा धरणाचे विज्ञान : घरच्या साहित्यातून

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, गणेशगुडीनजीक काळी नदीवर सुपा धरण उभे आहे. हे काँक्रीटचे धरण १०१ मीटर उंच व ३३२ मीटर लांब असून त्याच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॉट क्षमतेचे दोन वीजनिर्मिती संच आहेत. १९८० नंतरच्या दशकात येथे पाणी अडविले गेले आणि सुपा हे तालुक्याचे जुने गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे मुख्य ठिकाण जोयड्यास आले. अनेक कुटुंबे रामनगर येथे वसविण्यात आली.

ज्या पाण्यासाठी आजोबांनी घर सोडले, ते पाणी काय करते, हे नातवंडांस नीट समजले पाहिजे. ‘धरणात वीज होते’ हे वाक्य पाठ करून ते समजत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची किंवा किमती उपकरणांचीही गरज नाही. रिकामा डबा, जुन्या बाटल्या, माती व पाणी एवढ्या साहित्यावर पुढील चार प्रयोग घराच्या अंगणात करता येतात. पावसापासून विजेपर्यंतचा पाण्याचा प्रवास त्यांतून क्रमाने उलगडतो.

१. पाऊस मोजणे

तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा एक डबा घ्यावा. झाडे व वळचण यांपासून दूर, मोकळ्या जागी तो सपाट ठेवावा व वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती दगड लावावेत. रोज सकाळी साडेआठ वाजता आतील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी व डबा रिकामा करावा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच धरला जातो.

रुंद डब्यात पाणी अधिक चढेल काय, असा प्रश्न मुलांस विचारावा व शेजारी दुसरा, अधिक रुंद पण सरळ कडांचा डबा ठेवावा. दोहोंत उंची सारखीच भरते. कारण रुंद तोंडात पाऊस अधिक पडतो, पण तो अधिक जागेवर पसरतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी होय. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद जागा झाकणाऱ्या छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर एक हजार लिटर पाणी पडले. एक चौरस किलोमीटर रानावर एकच मिलिमीटर पाऊस पडला, तरी तो दहा लाख लिटर भरतो. एवढा मोठा जलाशय कसा भरतो, याचा अंदाज या हिशेबावरून येतो.

२. रान आणि गाळ

प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्या मोठ्या माणसाने उभ्या चिरून द्याव्यात. एकीत नुसती माती भरावी. दुसरीत तीच माती गवताच्या मुळांसह बसवून वर पाचोळा पसरावा. दोन्ही बाटल्या तोंडाकडे सारख्याच उताराने ठेवून तोंडाखाली एकेक पेला ठेवावा. मग भोके पाडलेल्या डब्यातून दोहोंवर सारखेच पाणी शिंपडावे.

उघड्या मातीकडील पेल्यात पाणी लवकर व गढूळ उतरते. गवताकडील पाणी सावकाश व पुष्कळच स्वच्छ येते. पाचोळा थेंबांचा मार झेलतो आणि मुळे माती धरून ठेवतात. गढूळ पेला थोडा वेळ स्थिर ठेवला, की तळाशी गाळ बसलेला दिसेल. डोंगर उघडे पडले तर हाच गाळ जलाशयात साचतो व त्यातील पाण्याची जागा व्यापतो. या प्रयोगात माती, उतार व पाणी सारखेच ठेवून केवळ एकच गोष्ट बदलली आहे, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. प्रयोगाची शिस्त ती हीच.

३. तीन धारा

सरळ कडांची एक उंच बाटली घ्यावी. पाण्याची उंची २४ सेंटिमीटर राहील असे धरून, तळापासून ६, १२ व १८ सेंटिमीटरवर मोठ्या माणसाने तापविलेल्या दाभणाने सारखी तीन भोके पाडावीत. भोकांवर चिकटपट्टी लावून बाटली भरावी, सपाट फरशीवर ठेवावी व पट्टी काढावी. पाणी वरून ओतत राहून पातळी कायम राखावी.

अनेक पुस्तकांतील चित्रांत सर्वांत खालची धार सर्वांत लांब पडलेली दाखवितात. परंतु फरशीवर ठेवलेल्या बाटलीत मधली धार सर्वांत लांब जाते आणि वरची व खालची धार जवळजवळ एकाच ठिकाणी पडते. खालची धार सर्वांत वेगवान असते हे खरे, पण ती जमिनीलगत असल्याने तिला पुढे जाण्यास वेळच मिळत नाही. आता तीच बाटली उंच स्टुलाच्या कडेवर ठेवून पाहावी. या वेळी खालची धारच सर्वांत पुढे जाईल. म्हणजे चित्रामागील तत्त्व बरोबर आहे. मात्र बाटली कोठे ठेवली आहे, हे चित्र सांगत नाही.

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, हे ते तत्त्व. दर दहा मीटर खोलीस प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार वाढतो. म्हणूनच धरणाची भिंत माथ्याशी अरुंद व पायाशी रुंद बांधतात.

४. पाणचक्की

गाजराची जाड चकती घेऊन तिच्या मधोमध सायकलचा जुना आरा घट्ट बसवावा व कडेला प्लॅस्टिकच्या सहा पट्ट्या पात्यांप्रमाणे खोचाव्यात. आरा दोन बोटांच्या कड्यांत किंवा दोन खाचांत सैल धरून पात्यांवर तांब्यातून पाणी सोडावे. प्रथम एक वीत उंचीवरून आणि नंतर दोन हात उंचीवरून. पाणी तेवढेच असले तरी दुसऱ्या वेळी चाक अधिक जोराने फिरेल. आऱ्याला दोरा बांधून त्यास काड्यापेटी अडकविली, तर फिरणारे चाक ती वर उचलते. उंचावरील पाण्यात काम करण्याची शक्ती साठलेली असते, ती अशी प्रत्यक्ष दिसते. वीजगृहात याच शक्तीने जलचक्र फिरते व त्यास जोडलेले जनित्र वीज निर्माण करते.

पालक व शिक्षकांसाठी

कापणे, तापविणे व भोके पाडणे ही कामे मोठ्यांनीच करावीत. प्रयोगासाठी मुलांस नदीवर वा जलाशयाकाठी पाठवू नये. प्रत्येक प्रयोगापूर्वी काय घडेल याचा अंदाज मुलांकडून वहीत लिहून घ्यावा व नंतर जे घडले ते त्याखाली लिहावे. दोहोंत फरक पडला तर अंदाज खोडू देऊ नये. फरक का पडला, हाच खरा धडा असतो.

मराठीतून विज्ञानप्रसार करण्यासाठी मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली, आणि १९७४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शालेय विज्ञानशिक्षणाचे काम करीत आहे. अशा संस्थांचे कार्य मोलाचेच आहे. परंतु मुलाचा पहिला ‘का?’ बहुधा घरातच उमटतो. त्यास ‘मोठा झालास की कळेल’ असे उत्तर न देता ‘चल, करून पाहू’ असे म्हणावे. एखाद्या मुलीने तीन धारा पाहून ‘पुस्तकातले चित्र असे का नाही?’ असे विचारले, तर तिला गप्प करू नये. तिच्या हाती स्टूल द्यावे.